परदेशी टियर-१ कंपनीची चौकशी आली आहे, दोन नवी मशीनं घ्यायची का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भोसरीत सहा सीएनसी टर्निंग मशीनांचं वर्कशॉप आहे आणि आजवर बहुतेक जॉबवर्क केलंय. आता चाकणमधल्या एका युरोपीय टियर-१ कंपनीची, म्हणजे गाडी बनवणाऱ्यांना थेट माल देणाऱ्या कंपनीची, आरएफक्यू (दर मागणारी चौकशी) आली आहे. एक स्टीलची पिन, वर्षाला ३ लाख नग, पाच वर्षांचं काम, दरवर्षी ३ टक्के कॉस्ट डाऊन (दरात कपात), पैसे ९० दिवसांनी आणि आयएटीएफ या मोटार उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या प्रमाणपत्राची अट. त्यांच्या पर्चेसवाल्यांनी पुढेमागे २६ टक्के भागीदारीबद्दलही तोंडी सुचवलंय. या भरवशावर दोन मशीनं घ्यावीत का, आणि परदेशी गुंतवणुकीचा फायदा आपल्यासारख्यांपर्यंत पोचतो का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मशीनचा निर्णय नंतर येतो. आधी हे ठरायला हवं की ३ लाख नग उचललेच गेले नाहीत तर तोटा कोणाच्या खात्यात पडेल. आरएफक्यूमधला आकडा हा अंदाज असतो, खरेदीचं वचन नसतं. गाडी बनवणारी कंपनी अंदाज टियर-१ला देते, टियर-१ तो तुम्हाला देते. गाडी चालली नाही तर शेड्यूल कमी होतं, पण तुमचा हप्ता कमी होत नाही. परदेशी गुंतवणूक तुमच्यापर्यंत पोचते ती याच रूपात, म्हणजे नगांचा अंदाज आणि त्याच्यासोबतची जोखीम. ही जोखीम कागदावर वाटून घेता आली तर काम चांगलं आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण इथे एक गैरसमज फार पसरलाय. परदेशी कंपनीला स्थानिक माल घ्यावाच लागतो, असं अनेकांना वाटतं. एके काळी तसं होतं. मारुतीची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली तेव्हा सुझुकीचा हिस्सा २६ टक्के होता आणि टप्प्याटप्प्याने देशी भाग वाढवणं बंधनकारक होतं. १९९३ मध्ये मोटारी बनवण्यासाठी लायसन्सची अट गेली. डिसेंबर १९९७ च्या धोरणात कंपन्यांनी सरकारशी करार करून तिसऱ्या वर्षापर्यंत ५० आणि पाचव्या वर्षापर्यंत ७० टक्के देशीकरण करायचं, असं होतं. युरोपीय संघ आणि अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेले, निकाल भारताच्या विरोधात लागला आणि २००२ पर्यंत ही अट गेली. त्याच वर्षीच्या वाहन धोरणाने १०० टक्के परदेशी गुंतवणूक सरळ मार्गाने, म्हणजे आधी सरकारी मंजुरी न घेता, खुली केली.

म्हणजे आज तुमच्याकडून माल घ्यायला सरसकट कायदा कोणालाच भाग पाडत नाही. २०२१ च्या पीएलआय (उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाच्या) योजनेत ५० टक्के देशी मूल्यवर्धनाची अट आहे, पण ती प्रोत्साहन रक्कम हवी असणाऱ्यांपुरती. बाकी सगळा हिशेब आयात शुल्क, जहाजभाडं आणि युरो-रुपयाच्या दराचा. तुमचा नग त्यांच्या गेटवर आयात नगापेक्षा स्वस्त पडतो तोवरच तुम्ही त्यांना हवे आहात.

म्हणून पर्चेसला पहिला प्रश्न विचारा : हा नग आज कुठून येतो? याची उत्तरं तीन असू शकतात आणि तिन्हींचा धंदा वेगळा आहे.

नग आज युरोपातून येत असेल आणि तोच इथे बनवायचा असेल, तर तुमच्यासाठी हे सगळ्यात चांगलं. गाडी रस्त्यावर आहे, खप दिसतोय. गेल्या १२ महिन्यांत दर महिन्याला किती नग आले याची यादी मागा. ती देतात, कारण त्यात लपवण्यासारखं काही नसतं. नवीन मॉडेलसाठी असेल, तर ३ लाख हा कोणाच्या तरी एक्सेल शीटमधला आकडा आहे. तो ६० टक्क्यांवर येईल असं धरून हिशेब करा आणि एसओपी, म्हणजे मालिका उत्पादनाची सुरुवात, सहा महिने पुढे जाईल असंही धरा. तिसरी शक्यता अशी की आज एक देशी सप्लायर आहे आणि तुम्ही दुसरा सोर्स होणार आहात. तिथे ३ लाखांतला तुमचा वाटा किती, हे लेखी घ्या. नाहीतर जुन्या सप्लायरचा दर पाडण्यासाठी तुमचं कोटेशन वापरलं जातं आणि शेड्यूल त्याच्याकडेच राहतं.

याच वेळी नग कुठल्या असेंब्लीत बसतो तेही विचारा. स्टीअरिंग, ब्रेक किंवा सीटचा नग इलेक्ट्रिक गाडीतही लागतो. इंजिन किंवा गिअरबॉक्सचा असेल तर पाच वर्षांपुढचं गृहीत धरू नका. त्यांच्या असेंब्लीतला किती भाग निर्यात होतो तेही विचारा. फक्त निर्यातीवर चालणारं मॉडेल एका देशाचं शुल्क बदललं की थांबतं.

तळेगावचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्री बंद केली, पुढे फक्त निर्यातीच्या गाड्या बनल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं. ग्रेट वॉल मोटर्सशी जानेवारी २०२० मध्ये विक्रीचं ठरलं होतं, पण एप्रिल २०२० मध्ये सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली, ती आली नाही आणि २०२२ मध्ये तो व्यवहार संपला. शेवटी ह्युंदाईने २०२३ मध्ये करार करून कारखाना घेतला. जमीन, शेड, पेंट शॉप यांना गिऱ्हाईक मिळालं. त्या गाड्यांच्या एकेका नगासाठी बनलेल्या फिक्श्चर आणि गेजना मिळत नाही, ती भंगारात जातात.

आता मशीनचा हिशेब. ड्रॉइंग माझ्यासमोर नाही, म्हणून सायकल टाइम ७० सेकंद धरतो. तुम्ही तुमचा आकडा घाला. ३ लाख नग गुणिले ७० सेकंद म्हणजे सुमारे ५,८३३ तास. एक मशीन दोन पाळ्यांत, पाळीला साडेसात तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे ४,५०० तास. सेटिंग, इन्सर्ट बदलणं, बिघाड, ऑपरेटरची गैरहजेरी धरून ८० टक्के हाती लागतात, ३,६००. या हिशेबाने दोन मशीनं लागतात आणि तुमचा विचारही याच हिशेबावर उभा आहे.

पण तेच एक मशीन तीन पाळ्यांत चालवलं तर ५,४०० तास मिळतात, म्हणजे सुमारे २ लाख ७७ हजार नग. पूर्ण अंदाजाच्या ९२ टक्क्यांहून जास्त काम एका मशीनवर निघतं. आणि खप ६० टक्केच झाला, म्हणजे १ लाख ८० हजार, तर ३,५०० तास पुरतात, दोन पाळ्यांत. म्हणून माझा सल्ला असा : सुरुवातीला एकच मशीन घ्या. दुसऱ्यासाठी जागा, हवेची लाइन आणि विजेचा मंजूर भार आत्ताच तयार ठेवा, मशीनचं कोटेशन वैधता वाढवत ठेवा. सलग तीन महिने शेड्यूल २०,००० नगांच्या वर गेलं की ऑर्डर द्या. ग्राहकाला कपॅसिटी दाखवताना तीन पाळ्यांचा तक्ता द्या आणि दुसरं मशीन किती आठवड्यांत उभं राहील ते लिहा. खरेदी विभागाला हे चालतं, फक्त लपवलेलं चालत नाही. तुमच्या सध्याच्या सहापैकी एखाद्या मशीनला हा नग बसतो का, तेही तपासा. एकच मशीन असेल तर त्याचा स्पिंडल गेला की त्यांची लाइन थांबते आणि लाइन थांबल्याचा दंड तुमच्या महिन्याच्या नफ्याहून मोठा असू शकतो. जुन्या मशीनचा हा पर्यायी मार्ग पीपॅपच्या, म्हणजे पहिले नग आणि कागद तपासून ग्राहक उत्पादनाला मंजुरी देतो त्या, वेळीच मंजूर करून घ्या. नंतर मशीन बदललं तर मंजुरी पुन्हा लागते.

मशीन कुठलं घ्यायचं हे मात्र ड्रॉइंग नीट वाचून ठरवा. समजा पिनचा व्यास २० मिमी आणि टॉलरन्स एच-६ आहे, म्हणजे एकूण १३ मायक्रॉनची मोकळीक. सुरुवातीच्या अभ्यासात सीपीके, म्हणजे प्रक्रिया टॉलरन्समध्ये किती आरामात बसते याचा आकडा, १.६७ मागतात. १३ मायक्रॉनमध्ये ते बसायचं तर स्टँडर्ड डेव्हिएशन १.३ मायक्रॉनपर्यंतच चालतं, तेही नग बरोबर मध्यावर येत असतील तर. रोजच्या टर्निंगवर हे टिकवणं अवघड आहे, सेंटरलेस ग्राइंडिंग लागतं. मग दुसरं सीएनसी घेण्याऐवजी ग्राइंडर घेणं किंवा खात्रीचा ग्राइंडिंगवाला बांधून घेणं हा खरा निर्णय ठरतो. इथेच सगळ्यात जास्त कोटेशनं चुकतात. दर टर्निंगचा लावलेला असतो आणि काम निघतं ग्राइंडिंगचं.

मोजमापही तसंच. ०.०१ मिमीचं मायक्रोमीटर १३ मायक्रॉनसाठी निरुपयोगी आहे, एक मायक्रॉन वाचणारं साधन किंवा एअर गेज लागेल. गेज आरअँडआर, म्हणजे साधन आणि मोजणारा यांच्यामुळे मोजमापात येणारा फरक, १० टक्क्यांच्या आत आणा, ३०च्या वर गेलं तर बाकीचा सगळा अभ्यास ते बाजूला ठेवतात. आणि मशीनवरून गरम उतरलेला नग लगेच मोजू नका. २० मिमी व्यासाचं स्टील १५ अंशांनी तापलं तर सुमारे साडेतीन मायक्रॉन फुगतं, म्हणजे तुमच्या मोकळिकीचा पाव हिस्सा तिथेच गेला. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारच्या पाळीत रिजेक्शन वाढतं, त्याचं एक मोठं कारण हेच आहे. मोजमापाची एक बंद, थंड खोली आणि नग निवायला ठेवायचा रॅक, एवढ्यावर बरंच भागतं.

आयएटीएफ १६९४९ बद्दल घाबरू नका, पण खोटी तारीखही देऊ नका. प्रमाणपत्राला किमान १२ महिन्यांची कामगिरीची आकडेवारी, अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापन आढावे लागतात. तीन महिन्यांत काढून देतो म्हणणाऱ्या सल्लागाराला दारातून परत पाठवा. स्वतः त्या मानकातच सप्लायरसाठी सुरुवातीची पातळी आयएसओ ९००१ धरलेली आहे. तेव्हा तुमच्याकडे आयएसओ असेल तर आयएटीएफचा महिन्यांसह आराखडा द्या आणि त्यावर सही मागा. जर्मन ग्राहक असेल तर प्रमाणपत्राच्या आधीच व्हीडीए ६.३ (जर्मन वाहन उद्योगाच्या पद्धतीचं) प्रोसेस ऑडिट होईल. तिथे फाइलींपेक्षा मशीनपाशी उभ्या ऑपरेटरला विचारलेल्या प्रश्नांवर गुण जातात : नग बाद झाला तर कुठे ठेवतोस, कोणाला सांगतोस, पहिला नग कोण पास करतं?

पीपॅप बहुधा लेव्हल ३ मागतील. त्यासाठी खऱ्या मशीनवर, खऱ्या ऑपरेटरकडून, एक ते आठ तासांत सलग किमान ३०० नग काढावे लागतात, ग्राहकाने वेगळं सांगितलं नसेल तर. निवडून काढलेले ३०० नग देऊ नका, पहिल्याच महिन्यात उघडं पडतं. नगाला हीट ट्रीटमेंट असेल तर बाहेरच्या फर्नेसवाल्याकडे सीक्यूआय-९ (हीट ट्रीटमेंट प्रक्रियेचं) मूल्यांकन आहे का ते आत्ताच विचारा. तुमचं सगळं बरोबर असून पीपॅप या एका कागदावर दोन महिने अडकतो.

किंमत. तीन टक्के कॉस्ट डाऊन ऐकायला लहान आहे. नगाचा दर १०० रुपये धरा, त्यात ५५ स्टीलचे आणि ४५ तुमच्या प्रक्रियेचे, नफ्यासकट. पूर्ण दरावर ३ टक्के असतील तर १०० चे ९७, मग ९४.०९, मग ९१.२७. ५५ रुपयांचं स्टील तुमच्या हातात नाही, म्हणजे पावणेनऊ रुपये ४५ मधून गेले, जवळजवळ २० टक्के. तेच ३ टक्के फक्त प्रक्रियेच्या ४५ रुपयांवर लावले तर तीन वर्षांत ३ रुपये ९३ पैसे जातात. सायकल टाइम कमी करून, इन्सर्टचं आयुष्य वाढवून एवढं भरून काढता येतं. म्हणून कोटेशनमध्ये मटेरियल आणि कन्व्हर्जन (प्रक्रियेचा भाग) वेगळं दाखवा आणि कॉस्ट डाऊन फक्त कन्व्हर्जनवर, असं लिहा. ते घासाघीस करतील, पण ही मागणी बाजारात नवी नाही. मटेरियलसाठी तिमाही दर सुधारणा ठेवा : कुठल्या मिलचा किंवा कुठल्या निर्देशांकाचा दर, कुठल्या तारखेचा, आणि फरक मागील तारखेपासून मिळणार का. बारमधून नग काढताना किती किलो बुरा पडतो आणि तो काय भावाने विकला धरलाय हेही लिहा, नाहीतर बुऱ्याचा भाव चढला की ते दर कमी मागतात आणि उतरला की गप्प बसतात.

याहून महत्त्वाचं कलम खास खर्चाचं आहे. फिक्श्चर, गेज, खास कॉलेट यांचे समजा ९ लाख झाले. सरळ मार्ग म्हणजे हे पैसे त्यांच्याकडून टूलिंगच्या वेगळ्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) आधी घेणं, मग मालकी त्यांची. नाही म्हणाले तर पहिल्या ३ लाख नगांवर नगामागे ३ रुपये असं वाटून घ्या, पण पुढचं वाक्य विसरू नका : १८ महिन्यांत ३ लाख नग उचलले गेले नाहीत किंवा प्रोजेक्ट बंद झाला, तर उरलेली रक्कम एकरकमी मिळेल. एक लाख नगांवर काम थांबलं तर ६ लाख अडकलेले असतात आणि ते परत मिळायला हे एक वाक्यच उपयोगी पडतं. त्याच्या जोडीला शेड्यूलचं कलम : पुढचा एक महिना पक्का, त्यापुढच्या एका महिन्याचं कच्चं स्टील त्यांच्या जबाबदारीवर. शेड्यूल रद्द झालं तर तयार माल आणि खास मागवलेला बार ते उचलतील.

आता पैशाची मुदत. महिन्याला २५,००० नग, १०० रुपये दर, म्हणजे २५ लाखांची विक्री. ९० दिवसांनी पैसे म्हणजे ७५ लाख, वर १८ टक्के जीएसटी धरून साडेअठ्ठ्याऐंशी लाख कायम बाहेर, आणि जीएसटी तुम्हाला पुढच्या महिन्यातच भरायचा. ४५ दिवस केले तर याच्या निम्मे. फरकाच्या सव्वाचव्वेचाळीस लाखांवर १० टक्के व्याज धरलं तर नगामागे जवळजवळ दीड रुपया होतो. हे पर्चेसला आकड्यात दाखवा.

कायदा तुमच्या बाजूला आहे, उद्यम नोंदणी असेल तर. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज. आयकराचा नियमही एप्रिल २०२४ पासून असा आहे की मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा मिळत नाही. परदेशी मालकीच्या भारतीय कंपनीलाही हे सगळं लागू आहे, आणि त्यांचे फायनान्सवाले बहुधा आपल्या पर्चेसपेक्षा याबाबत जास्त सावध असतात. म्हणून उद्यम क्रमांक कोटेशनवर आणि प्रत्येक बिलावर छापा. तक्रार दाखल करणं हा शेवटचा उपाय, त्यानंतर नवीन काम मिळत नाही. त्याआधी ते ट्रेड्सच्या, म्हणजे लघु उद्योगांची बिलं ऑनलाइन वटवणाऱ्या व्यवस्थेच्या, एखाद्या मंचावर, आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज किंवा इन्व्हॉइसमार्टवर आहेत का ते विचारा. तिथे बिल त्यांची पत धरून वटतं आणि तुम्हाला व्याजदर बराच कमी पडतो.

ऑर्डर ज्या प्रायव्हेट लिमिटेडच्या नावाने येणार आहे तिचे कागद मात्र स्वतः बघा. युरोपातली मूळ कंपनी कितीही मोठी असो, तुमचं येणं भारतीय उपकंपनीकडे आहे. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपयांत तिचे ताळेबंद पाहता येतात. भरणा झालेलं भांडवल, तीन वर्षांचा तोटा, आणि सहामाही एमएसएमई-१ फॉर्म, ज्यात ४५ दिवसांवरची लघु उद्योगांची थकबाकी लिहावी लागते. पुरवठादारांना ही कंपनी कसं वागवते ते त्या एका फॉर्मवरून कळतं.

बँकेशी बोलताना हप्ता एसओपीशी जोडा. नवीन मॉडेल असेल तर पीपॅपनंतर सहा महिन्यांची सवलत मागा. मशीन आल्याच्या महिन्यापासून हप्ता सुरू झाला आणि एसओपी पुढे गेली, तर तुमची जुनी जॉबवर्कची कमाई त्यात जाते.

राहिली भागीदारी. २६ टक्के हा आकडा सहज आलेला नाही. कंपनी कायद्यात विशेष ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मतं लागतात, म्हणजे २६ टक्केवाला एकटा असा ठराव अडवू शकतो. नावात बदल, घटनेत बदल, नवीन माणसाला शेअर देणं, यांत त्यांची संमती लागेल. तुमचं वर्कशॉप प्रोप्रायटरी किंवा भागीदारी असेल तर परदेशी कंपनीला त्यात सरळ मार्गाने पैसे घालता येत नाहीत, आधी बहुधा प्रायव्हेट लिमिटेड करावी लागेल. सुटे भाग बनवण्यात १०० टक्के गुंतवणुकीला सरळ मार्ग आहे, पण शेअरचं मूल्यांकन नियमाप्रमाणे हवं, पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे आणि दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर फॉर्म भरायचा. पैसे त्यांच्या भारतीय उपकंपनीमार्फत आले तरी ती परदेशी मालकीची असल्याने अप्रत्यक्ष परदेशी गुंतवणूकच धरली जाते. हे काम नेहमीच्या अकाउंटंटचं नाही, फेमाचं (परकीय चलन कायद्याचं) काम करणारा सीए किंवा सीएस गाठा.

धंद्याच्या बाजूने पाहिलं तर मोठी अडचण वेगळीच आहे. भागीदारीची बोलणी सुरू झाली की ड्यू डिलिजन्स, म्हणजे पैसे घालण्याआधीची कसून तपासणी, येतो, आणि त्यात तुमचा मशीन-तासाचा खर्च, इतर ग्राहकांचे दर, इन्सर्टची खरेदी, सगळं समोर ठेवावं लागतं. ज्याला तुम्ही दर देणार आहात त्यालाच तुमची किंमत कळते. म्हणून या नगाचा दर, टूलिंगचं कलम आणि पैशाची मुदत पीओवर येईपर्यंत भागीदारीवर एक बैठकही घेऊ नका. पुरवठा सुरू होऊन दोन ताळेबंद झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, तर गोपनीयतेचा करार करा, ग्राहकांची नावं झाकून आकडे फक्त दोन्ही बाजूंच्या सीएंमध्ये फिरू द्या, आणि इतर टियर-१ कंपन्यांना माल विकण्यावर बंधन घालणारं कलम असेल तर ते निघाल्याशिवाय पुढे जाऊ नका.